चंद्रकळेचा निळा

दहिसरला नदीच्या अलीकडे एक जुनी चार मजली सोसायटी आहे. तिथल्या बायका नव्या साडीवर ब्लाउजपीस आणायला सहसा स्वतः जात नाहीत. साडी पिशवीत घालून त्या दुसऱ्या मजल्यावर साटमांच्या दारात येतात आणि विचारतात, "काका, स्टेशनकडे जाणार आहात का?" जयवंत साटम जाणार नसले तरी जातात. ही रीत कुणी ठरवून पाडलेली नाही. वनमालाबाईंच्या एका मोरपंखी साडीवर नवऱ्याने आणलेला तुकडा इतका बेमालूम बसला, की शेजारणीने चौकशी केली, आणि तिथून सुरू झालं ते चालूच राहिलं.

स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरचे मालक चंद्रप्रकाश त्यांना चांगले ओळखून आहेत. साटम आले की ते मागतील ते गठ्ठे समोर टाकतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. साटम दुकानात काही ठरवतच नाहीत. साडीचा पदर आणि दोन-तीन तुकडे घेऊन ते सरळ फुटपाथवर येतात, रिक्षांच्या रांगेला पाठ करून उभे राहतात आणि कापडावर कापड ठेवून बघतात. ट्यूबलाइटखाली सगळे रंग सख्खे भाऊ दिसतात, उन्हात आणलं की सावत्र कोण ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

हा डोळा त्यांनी नोकरीत कमावला होता. वडील कणकवलीकडून येऊन गिरणीत लागलेले. मुलाने गिरणीत जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती, म्हणून गाववाल्याच्या ओळखीने त्यांनी जयवंतला अंधेरीच्या एका फिल्म लॅबमध्ये चिकटवलं. आधी फिल्म वाळवायच्या खोलीत आणि मग ग्रेडिंगला. सिनेमाचं निगेटिव्ह धुऊन आलं की प्रिंट काढताना प्रत्येक शॉटला लाल, हिरवा आणि निळा उजेड किती द्यायचा हे ठरवावं लागे. एकच प्रसंग थोडा सकाळी आणि थोडा दुपारी चित्रित झालेला असे. पडद्यावर ती एकच वेळ वाटायला हवी. ते जुळवणं हे ग्रेडरचं काम. साटमांनी ते नोकरी संपेपर्यंत केलं. म्हणजे नोकरी त्यांनी संपवली नाही, फिल्मच संपली. सगळीकडे डिजिटल आलं, लॅबमधली यंत्रं भंगारात गेली, आणि "कॉम्प्युटरवर शिकून घ्या" म्हणणाऱ्यांना "आता काय शिकायचं" असं सांगून साटम घरी बसले.

गंमत अशी, की मुलीने नेमकं तेच काम उचललं. श्रुतिका अंधेरीच्याच एका स्टुडिओत कलरिस्ट आहे. बाप तीन दिव्यांवर करायचा ते ती तीन चकत्या फिरवून पडद्यावर करते. त्यामुळे साटमांच्या घरी जेवताना दुसऱ्या घरांत राजकारणावरून होतात तशी भांडणं फिल्म आणि डिजिटलवरून होतात.

"बाबा, तुम्ही बघायचात ती लॅबमधली पहिली प्रिंट," श्रुतिका म्हणायची. "धुतलेली, पुसलेली, नवी कोरी. कणकवलीच्या टॉकीजमध्ये काय पोचायचं? मधे हिरवी रेघ, कडेने पाऊस, आणि रीळ बदललं की हिरॉइनचा रंगच बदलायचा. तुमची ती पहिली प्रिंट लोकांनी कधी बघितली?"

"रेघ पडली तर पडू दे. अंधार तरी खरा असायचा."

"अंधारात खरा-खोटा काय असतो?"

"असतो. फिल्मच्या अंधारात कपाट असलं तर कपाट दिसतं, बाई उभी असली तर बाई दिसते. तुमच्या डिजिटलमध्ये बोळे कोंबल्यासारखा काळा. आणि ज्योत! कंदिलाची ज्योत फिल्मवर पिवळ्याची पांढरी होते ती हळूहळू. तुमच्याकडे भसकन होते. मधे काही नाहीच."

"ती पहिल्या पहिल्या कॅमेऱ्यांची गोष्ट. आता नाही होत तसं."

"मला दिसतं तसं."

"तुम्हाला दिसायचंच आहे, तर दिसणार."

मग वनमालाबाई म्हणत, "काळोख नि उजेड दोघांनी वाटून घेवा, नि माका ती कोशिंबीर हयसर सरकवा." रागावल्या किंवा कंटाळल्या की त्या मालवणीत शिरत.

साटमांच्या अभिमानाची जागा एकच होती, आणि ती घरात सगळ्यांना पाठ होती. ऐंशीच्या दशकात देवदत्त कामेरकर नावाच्या दिग्दर्शकाने एक मराठी चित्रपट काढला. चित्रपट फारसा चालला नाही. त्यात एक बाई कंदील घेऊन माजघराच्या दारात उभी राहते. तिच्या अंगावर गर्द निळी चंद्रकळा आहे, इतकी गर्द की जरा चुकलं तर काळीच दिसेल. आणि काळी दिसून चालणार नव्हतं, कारण त्या घरात काळं कुणी नेसत नाही, हे चित्रपटात आधीच येऊन गेलेलं आहे. कामेरकरांनी प्रिंट दोनदा परत पाठवली. तिसऱ्या वेळी साटमांनी निळा असा बसवला, की चंद्रकळा निळी राहिली आणि अंधारही अंधारच राहिला. कामेरकर स्वतः लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "यापुढे माझ्या रंगाचं साटमांना विचारा." पुढे कामेरकरांना चित्रपट काही मिळाला नाही. पण वाक्य राहिलं.

गेल्या वर्षी दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या.

पहिली साधी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणा पाटकरने भाच्याच्या लग्नासाठी घेतलेली नेव्ही ब्लू साडी साटमांकडे दिली. साटम दुकानात गेले, गठ्ठ्यातून एक तुकडा काढला, फुटपाथवर येऊन बघितला आणि पसंत केला.

"साटमजी, ये थोडा डार्क नाय वाटत?" चंद्रप्रकाश म्हणाले.

"बाहेर ये आणि बघ."

चंद्रप्रकाश बाहेर आले. त्यांनी कापडाकडे बघितलं, मग साटमांकडे बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाने आणलेला एकही तुकडा परत आलेला नव्हता. "आप बोलते हो तो बरोबरच असणार," म्हणून त्यांनी तुकडा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी साटम बागेत गेलेले बघून सुलक्षणा खाली आली. "काकू, काकांना सांगू नका हं. पण हा काळाय."

"काळा कसा असेल?" म्हणत वनमालाबाईंनी साडी आणि तुकडा गॅलरीत नेला. काळाच होता. थोडाथोडका नाही, छत्रीसारखा काळा. त्या भाजी आणते सांगून दुकानात गेल्या, निळा तुकडा आणून सुलक्षणाला दिला आणि काळा आपल्या कपाटात ठेवून दिला. चंद्रप्रकाशनी विचारलं, "साटमजींची तब्येत ठीक आहे ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "त्यांका काय धाड भरलीहा!" आणि घरी येईपर्यंत त्याच विचारात राहिल्या.

दुसरी गोष्ट स्टुडिओतून आली. कामेरकरांची मुलगी शर्मिष्ठा वडिलांच्या त्या चित्रपटाचं मूळ निगेटिव्ह घेऊन आली होती. ते स्कॅन करून, साफ करून डिजिटल प्रत काढायची आणि मुलुंडच्या एका छोट्या महोत्सवात दाखवायची, असं ठरलं. काम योगायोगाने श्रुतिकाकडे आलं. शर्मिष्ठाची अट एकच होती: रंग साटमांनी बघायचे. ते हो म्हणतील तीच प्रत पक्की.

साटमांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. अंधेरीच्या प्रिव्ह्यू थिएटरमध्ये स्टुडिओचा प्रमुख निलेश, शर्मिष्ठा आणि श्रुतिका होती. पहिली काही दृश्यं साटमांनी मान हलवत बघितली. ओरखडे नव्हते, चित्र थरथरत नव्हतं. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून डिजिटलबद्दल एवढं ऐकून श्रुतिकाने वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं आणि हसू दाबलं.

मग माजघराचं दार आलं.

"थांबव," साटम म्हणाले. "चंद्रकळा काळी झाली."

निलेशने पडद्याकडे बघितलं. "काका, निळी आहे ना."

"काळी आहे. मी हेच म्हणत होतो इतकी वर्षं. डिजिटल अंधार खाऊन टाकतं. फिल्मवर ही निळी होती. मी स्वतः केलीय."

"आपल्याकडे जुनी प्रिंट आहे," शर्मिष्ठा म्हणाली. "कोल्हापूरच्या एका संग्राहकाने दिलीय. लावून बघायची का शेजारी?"

त्या थिएटरात एक जुना प्रोजेक्टर अजून चालू अवस्थेत होता. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात फिल्म आणि उजव्या अर्ध्या भागात डिजिटल, असं जुळवायला बराच वेळ गेला. साटम शांत बसून होते. वाद मिटवण्याचा हाच रास्त मार्ग होता, आणि निकाल काय लागणार याची त्यांना शंका नव्हती.

दोन्हीकडे बाई दारात आली. उजवीकडे काळी चंद्रकळा. डावीकडे काळी चंद्रकळा.

साटम खुर्चीत पुढे सरकले. चष्मा काढून पुसून परत लावला. "प्रिंट गेलीय," ते म्हणाले. "जुन्या प्रिंट गुलाबी पडतात, निळा आधी मरतो. हिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही."

हे चूक नव्हतं. प्रिंट गुलाबी पडलीच होती. बाईच्या गालावर ते सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे शर्मिष्ठाने लगेच मान्य केलं. "काका, तुम्ही सांगाल तसं करू. बाबांनी सांगूनच ठेवलंय."

"श्रुतिका, अंधारातला निळा वाढव."

श्रुतिकाने वाढवला.

"अजून."

तिने आणखी वाढवला. चंद्रकळा शाईच्या दौतीसारखी झाली. दाराची चौकट निळी झाली, मागची उतरंड निळी झाली, बाईच्या हनुवटीखाली निळं साचलं. निलेश खाली बघू लागला. शर्मिष्ठाने एकदा श्रुतिकाकडे बघितलं. ज्या माणसाच्या शब्दावर भिस्त ठेवायची त्याला टोकायचं कसं, हा शर्मिष्ठाचा प्रश्न होता.

"आणखी जरासा... हां. आता आली."

श्रुतिकाने हात मागे घेतले. "बाबा, आज एवढंच करू या. डोळे थकतात."

"माझे नाही थकले."

"माझे थकले."

घरी आल्यावर साटम जेवून लवकर झोपले. श्रुतिका स्वयंपाकघरात आईजवळ गेली. "आई, बाबांना निळा दिसत नाहीये."

वनमालाबाई ओटा पुसत होत्या. त्यांनी पुसणं थांबवलं नाही. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? आणि तू गप्प?"

"मग काय करू? सोसायटीत दवंडी पिटू? त्यांची एवढी एकच गोष्ट आहे गं."

"अगं, ते हो म्हणाले तर चित्रपट तसाच जाणार. सगळं घर निळीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं दिसतंय. लोक म्हणतील, साटमांनी केलं. आणि मीच केलेलं असणार ते, माझ्या हाताने."

सकाळी चहा झाल्यावर वनमालाबाईंनी गॅलरीतल्या कठड्यावर दोन तुकडे ठेवले. एक कपाटातला काळा. दुसरा सुलक्षणाकडून मागून आणलेली शिलाईतली निळी चिंधी. ऊन चांगलं पडलं होतं.

"अहो, इकडे या जरा. यातला निळा कुठला?"

साटम आले. त्यांनी बघितलं. काळा उचलून जवळ नेला, मग चिंधी. चिंधी काळ्यावर ठेवली, उन्हात तिरकी केली, परत सरळ केली. दोन्ही एकच होतं. पण दोन्ही एकच असतं तर बायकोने विचारलं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हा काळा तुम्ही सुलक्षणाच्या साडीवर आणलेला. तेव्हापासून तुमचे मोजेही मीच जुळवून ठेवते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ऐकणार होतात? ट्यूबलाइटला दोष दिला असता."

साटम खुर्चीत बसले. श्रुतिका दारात उभी होती; तिला ते म्हणाले, "लॅबमध्ये रोज सकाळी पहिलं काम काय असायचं माहितेय? कंट्रोल स्ट्रिप. ठरलेल्या रंगांची फिल्मची पट्टी यंत्रातून काढायची आणि कालच्याशी ताडून बघायची. फरक निघाला तर त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या फिल्मला हात लावायचा नाही, कितीही घाई असू दे. आधी यंत्र दुरुस्त करायचं. एक दिवस चुकवली नाही आम्ही." थोड्या वेळाने म्हणाले, "डोळ्याची स्ट्रिप कधी काढली नाही."

"मोतीबिंदू असेल बाबा. त्यात गर्द निळा आणि काळा एकच दिसतो म्हणे. सगळ्यांनाच होतो."

"सगळे ग्रेडर नसतात," साटम म्हणाले. मग त्यांनी शर्मिष्ठाला स्वतः फोन लावला. बोलणं थोडक्यात झालं. "माझा कालचा होकार धरू नका. डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय. दुरुस्त करून येतो. थांबता येत नसेल तर श्रुतिकाचं धरा, तिला निळा दिसतो." शर्मिष्ठा म्हणाली, थांबते.

बोरिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं आणि आधी उजवा केला. पट्टी निघाली तेव्हा साटमांना पहिल्यांदा दिसली ती नर्सची साडी. ती पांढरी होती. इतकी पांढरी की तिच्यात जरा निळा होता. त्यांनी डावा डोळा झाकून खोली बघितली, मग उजवा झाकून बघितली. उजव्यात भिंती स्वच्छ, थंड, प्रत्येक कड कापल्यासारखी. डाव्यात तीच खोली चहात बुडवून काढलेली, मऊ, कडा एकमेकींत मिसळलेल्या.

"काय दिसतंय बाबा?" श्रुतिकाने विचारलं.

"उजव्यात तू, तुझं डिजिटल. डाव्यात मी."

डोळ्याला चढलेला हा निळेपणा थोडे दिवस राहतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. साटमांनी तो उतरेपर्यंत वाट बघितली. रोज सकाळी गॅलरीत काळा तुकडा आणि निळी चिंधी ठेवून ते आपली स्ट्रिप काढत. समाधान झालं तेव्हा स्टुडिओला कळवलं.

प्रिव्ह्यू थिएटरमध्ये परत तीच चार माणसं बसली. साटमांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि आपण वाढवलेली प्रत आधी दाखवायला सांगितली. बाई दारात आली. साटमांनी ती शेवटपर्यंत बघितली. मधे कुणी थांबवायला निघालं तर "चालू दे" म्हणाले.

"वाट लावली होती की मी," ते म्हणाले. "आता तुझी लाव. आणि शेजारी प्रिंट."

दोन्ही अर्धे एकत्र आले. उजवीकडे डिजिटलमध्ये चंद्रकळा निळी होती. गर्द, काळ्याच्या काठावर, पण निळी. डावीकडे प्रिंटमध्येही ती निळीच होती, फक्त तिच्यावर गुलाबी छटा चढली होती. अंधारातलं कपाटही दिसत होतं, दोन्हीकडे. उजव्या बाजूला तर उतरंडीतली एकेक मडकं मोजता येत होतं.

"डिजिटलचा अंधार चांगला आहे," साटम म्हणाले. निलेशने चमकून श्रुतिकाकडे बघितलं. "माझा सगळा निळा काढून टाक. तुझं आहे तसं ठेव."

"सगळं माझं?"

"ज्योत सोडून. ती बघ. इकडे बघ आणि तिकडे बघ."

श्रुतिकाने बघितलं. प्रिंटवर ज्योत पिवळ्याची पांढरी होत गेली होती. तिच्याकडच्या ज्योतीत मधला भाग एकदम कोरा होता. तिने निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये शोधलं. पिवळा तिथे होता. तिनेच चित्राला उठाव आणताना तो घालवला होता. तिने तो परत आणला. पुन्हा दोन्ही शेजारी लावलं.

"भसकन, ना?" साटम म्हणाले.

"जरासं भसकन," ती म्हणाली.

शर्मिष्ठाने विचारलं, "मग काका, हो म्हणताय?"

साटमांनी तळहात खाली घेतला. "हो. पण नाव श्रुतिकाचं लावा. माझं पहिल्या प्रिंटवर आहे."

मुलुंडला चित्रपट दाखवला गेला. बरीच माणसं आली, आणि त्यांतल्या एकानेही चंद्रकळेच्या रंगाबद्दल काही म्हटलं नाही. साटमांच्या दृष्टीने याहून चांगली पावती नव्हती. प्रेक्षकाला रंग दिसला, की कुठेतरी चुकलं असं समजावं, हे ते श्रुतिकाला ती कॉलेजात असल्यापासून सांगत आले होते.

डाव्या डोळ्याची तारीख मात्र ते पुढे ढकलत राहिले. आधी पाऊस, मग गणपती, मग दिवाळी.

"त्या डोळ्यात काय ठेवलंत एवढं?" वनमालाबाईंनी एकदा विचारलं. "तिजोरी आहे का?"

"करू गं. घाई काय आहे?"

सोसायटीत बातमी पसरायची ती पसरलीच होती. बायका काही दिवस संकोचल्या, पण रीत मोडणं त्यांनाही जमेना. दिवाळीनंतर सुलक्षणाच पिशवी घेऊन आली. आत जांभळी साडी होती. "काका, स्टेशनकडे जाणार आहात का? आणि कुठल्या डोळ्याने आणणार ते आधी सांगा."

"उजव्याने," साटम म्हणाले. "पसंत नाही पडला तर मला सांग. काकूला नको."

चंद्रप्रकाशनी गठ्ठे टाकले. साटम तीन तुकडे घेऊन फुटपाथवर आले, रिक्षांच्या रांगेला पाठ केली आणि डावा डोळा मिटला. पहिला तुकडा लालीकडे झुकत होता. दुसरा बरोबर होता. त्यांनी तो बाजूला काढला. मग इकडेतिकडे बघून त्यांनी उजवा मिटला आणि डावा उघडला. साडी, तुकडे, समोरचं केळीवाल्याचं दुकान, स्टेशनचा जिना, सगळं पिवळसर आणि मऊ झालं. ते क्षणभर तसेच उभे राहिले.

"साटमजी, मिळाला?" आतून हाक आली.

"मिळाला," म्हणत त्यांनी दोन्ही डोळे उघडले आणि दुसरा तुकडा कापायला दिला.